‘किती तास?’पेक्षा ‘किती वाजता?’ विचारा

पालकसभेत मार्कांचं बोलून झालं की मोबाइलचा विषय निघतोच. शाळा गिरगावातली मराठी माध्यमाची असो नाहीतर पवईतली आयसीएसईची, कुणीतरी बाबा उठतात आणि विचारतात, “मॅडम, दिवसाला किती तास मोबाइल द्यावा?” मग कुणी एक तास म्हणतं, कुणी दोन, कुणी म्हणतं आमच्याकडे फक्त रविवारी. प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर मिळूनही हाती फारसं लागत नाही. दुपारी चार ते सहा मित्राबरोबर बसून ढोलपथकाची रील जुळवणारा मुलगा आणि रात्री बारा ते दोन पांघरुणात तोंड खुपसून अनोळखी लोकांचे चेहरे बघणारी मुलगी, दोघांचे तास दोनच भरतात.

सोशल मीडियामुळे किशोरवयीन मुलांचं मानसिक आरोग्य बिघडतं का, यावर जगभरचे संशोधक बरीच वर्षं भांडतायत आणि ते भांडण मिटलेलं नाही. त्यातलं पक्कं काय, कच्चं काय आणि मुंबईतल्या घरात त्याचा अर्थ काय होतो, ते जमेल तितकं सोपं करून सांगतो.

आरोप आणि बचाव

२०२१ साली फ्रान्सेस हॉगेन या बाईंनी फेसबुकची नोकरी सोडताना कंपनीची हजारो अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. त्यात कंपनीच्याच संशोधकांनी लिहिलेलं एक वाक्य होतं. स्वतःच्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी तिघींतल्या एकीला इन्स्टाग्राममुळे आणखी वाईट वाटतं, अशा अर्थाचं. कंपनीचं म्हणणं, हे अर्धंच चित्र आहे. २०२३च्या मे महिन्यात अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल (सरकारचे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख डॉक्टर) विवेक मूर्ती यांनी जाहीर इशारा दिला. १२ ते १५ वयाच्या साडेसहा हजारांहून जास्त मुलांच्या एका अभ्यासाचा दाखला त्यात होता: दिवसाला ३ तासांहून जास्त वेळ सोशल मीडियावर असणाऱ्यांत नैराश्य आणि चिंतेची लक्षणं दिसण्याचा धोका दुप्पट.

हे वाचून मोबाइल गच्चीवरून फेकून द्यावासा वाटतो. थांबा.

एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या दोन संशोधकांनी २०१९ साली साडेतीन लाखांहून जास्त मुलांची माहिती चाळली. त्यांचा निष्कर्ष असा की मुलामुलांच्या सुखदुःखात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ०.४ टक्का फरक डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो. बाकीचं सगळं दुसरीकडून येतं: घर, पैसा, शाळा, आजारपण, झोप, छळ. शिवाय उदास मूल मोबाइलमध्ये जातं की मोबाइलमुळे मूल उदास होतं, हे असल्या अभ्यासांतून सहज सुटत नाही. बहुधा दोन्ही होतं, आणि एक दुसऱ्याला ढकलत राहतं.

आपल्याकडची एक गोष्ट मला इथे फार महत्त्वाची वाटते. बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. १३ ते १७ वयाच्या मुलांत मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं, आणि मोठ्या महानगरांत ते याहून बरंच जास्त होतं. आता तारखा बघा. जिओ आलं सप्टेंबर २०१६ मध्ये. घरोघरी स्वस्त डेटा त्यानंतरचा. इन्स्टाग्रामवर रील्स आपल्याकडे आले जुलै २०२० मध्ये, टिकटॉकवर बंदी आल्यावर दीडेक आठवड्यात. म्हणजे पोरांच्या हातात रील येण्याआधीच शहरांतली पोरं काही फार मजेत नव्हती. दहावीचं वर्ष, क्लासची फी, घरातली भांडणं यांचा शोध मार्क झुकरबर्गने लावलेला नाही.

मग दोन्ही बाजू एकाच वेळी बरोबर कशा? नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात याचं चांगलं उत्तर मिळतं. संशोधकांनी ६३ मुलांना आठवडाभर दिवसातून अनेकदा विचारलं, आता कसं वाटतंय आणि इतक्यात इन्स्टाग्रामवर काय केलंस? नुसतं बघत बसल्यावर ४६ टक्के मुलांना थोडं बरं वाटत होतं, ४४ टक्क्यांना काहीच फरक पडत नव्हता आणि १० टक्क्यांना वाईट वाटत होतं. सरासरी काढली तर हे १० टक्के त्यात गायब होतात. चाळीस मुलांच्या वर्गात ते चार जण असतात. “आमचा बंटी तर दिवसभर असतो, त्याला काही होत नाही” हे खरंही असतं आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या काही उपयोगाचं नसतं.

वयाचाही मुद्दा आहे. ऑर्बेन यांच्याच २०२२च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात मुलींच्या बाबतीत ११ ते १३ आणि मुलांच्या बाबतीत १४-१५ या वयांत सोशल मीडियाचा वापर वाढला तर पुढच्या वर्षी समाधान कमी झालेलं दिसलं. म्हणजे मुलींच्या बाबतीत सहावी-सातवी-आठवी. आपण सावध होतो दहावीत, कारण दहावीला बोर्ड असतं.

मेंदू, लाइक आणि साडीवाला

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१६ साली एक प्रयोग झाला. १३ ते १८ वयाच्या ३२ मुलांना एमआरआय यंत्रात झोपवून इन्स्टाग्रामसारखं दिसणारं ॲप दाखवलं. एकूण १४८ फोटो, त्यातले ४० मुलांनी स्वतःच आणून दिलेले. प्रत्येक फोटोखाली लाइकचा आकडा. मुलांना सांगितलं होतं की हे लाइक तुमच्याच वयाच्या ५० जणांनी दिलेत. खरं तर आकडे संशोधकांनीच टाकले होते. आपल्या फोटोला भरपूर लाइक दिसले की मेंदूतला बक्षीस मिळाल्यावर खूश होणारा भाग जोरात कामाला लागायचा. इथपर्यंत नवल नाही, आपलंही तसंच होतं. पुढचं पाहा. दुसऱ्यांचे फोटो बघताना ज्याला आधीच खूप लाइक असतील त्यालाच मुलं लाइक द्यायची, फोटो कसाही असो. त्यात सिगरेट-दारूचेही फोटो होते, आणि ते बघताना मेंदूतला आवर घालणारा भाग जरा मंदावायचा.

हा आवर घालणारा भाग, कपाळामागचा, पूर्ण तयार व्हायला विशीचा मध्य उजाडतो. दाद मिळाली की खूश होणारा भाग मात्र तेरा-चौदाव्या वर्षीच ऐन भरात असतो. त्यामुळे “एवढं साधं कळत नाही का तुला?” या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं की कळतं, पण त्या क्षणी थांबता येत नाही.

आणि थांबता येऊ नये अशीच सोय समोर केलेली आहे. वर्तमानपत्राचं पान संपतं, मालिकेचा भाग संपतो. मोबाइलवरचं फीड, म्हणजे एकाखाली एक येत राहणाऱ्या पोस्ट आणि रील, संपत नाही. हे न संपणारं स्क्रोल २००६ साली तयार करणाऱ्या अझा रास्किन यांनी पुढे त्याबद्दल जाहीर पश्चात्तापही व्यक्त केलाय. पण स्क्रोलपेक्षा जास्त ताकदीची गोष्ट म्हणजे फीड निवडणारा अल्गोरिदम, म्हणजे तुमच्यापुढे काय आणायचं ते ठरवणारा प्रोग्रॅम. दादरला साडीच्या दुकानात गादीवर बसलेला जुना सेल्समन आठवा. तुम्ही तोंडाने “नुसतं बघतेय” म्हणता, पण तुमची नजर कुठल्या काठावर अर्धा सेकंद जास्त थांबली ते त्याने टिपलेलं असतं, आणि पुढच्या दहा साड्या त्याच जातीच्या निघतात. अल्गोरिदम हेच करतो. तुम्ही काय लाइक केलं यापेक्षा कुठे थांबलात, काय परत पाहिलंत, काय मैत्रिणीला पाठवलंत, यावर त्याचा भर.

समजा, भांडुपची नववीतली एक मुलगी आहे. गालावर मुरुमं आलीत. ती एका रीलवर थांबते, कडुनिंबाचा लेप. दुसऱ्या दिवशी लेपांच्या पाच रील. मग ‘सात दिवसांत ग्लो’. मग गोरं होण्याचं क्रीम. मग एक मुलगी दिवसभरात काय खाते ते दाखवते: सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, रात्री काही नाही. आपल्या मुलीने वजनाबद्दल कुठेही काहीही शोधलेलं नव्हतं. ती फक्त थांबत गेली. महिन्याभरात तिच्या फीडवर चेहरा आणि कंबर याशिवाय फार थोडं उरतं, आणि तिला वाटतं सगळं जग याच दोन गोष्टींचा विचार करतंय. आईला यातलं काही दिसत नाही. आईच्या फीडवर रांगोळ्या आणि इडलीचं पीठ फुगवायच्या युक्त्या येत असतात.

उदासीचंही असंच होतं. एखाद्या रात्री दोन ‘सॅड’ रील पूर्ण पाहिल्या की चार येतात. ब्रिटनमध्ये २०१७ साली एका १४ वर्षांच्या मुलीने जीव दिला. तिच्या अकाउंटवर नैराश्य आणि स्वतःला इजा करण्याबद्दलचा मजकूर ढिगाने सापडला. २०२२ मध्ये तिथल्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, स्पष्ट नोंदवलं की या मजकुराचा तिच्या मृत्यूत हातभार होता. कारण एकच होतं असं त्याने म्हटलं नाही, आणि ते बरोबरच आहे.

शाळेच्या नावाचं कन्फेशन पेज

अनोळखी लोकांपेक्षा ओळखीचे जास्त दुखवतात. मुंबईतल्या बऱ्याच शाळा-कॉलेजांच्या नावाने इन्स्टाग्रामवर ‘कन्फेशन पेज’ असतं. शाळेचा त्याच्याशी काही संबंध नसतो. कुणीतरी मोठ्या वर्गातला पोरगा ते चालवतो, फॉर्मची लिंक देतो, आणि मुलं नाव न देता काहीही लिहून पाठवतात. त्यातलं बरंचसं निरागस असतं, ‘नाइन-सीची पोनीटेलवाली, आय लाइक यू’ असलं. मग मध्येच एक येतं: ‘टेन-बीच्या अमुकला कुणीतरी डिओ द्या रे.’ खाली हसणाऱ्या स्मायलींची रांग. त्या मुलाने रात्री ते वाचलं, सकाळी सातला त्याच वर्गात जाऊन बसायचंय. आमच्या वेळीही पोरं एकमेकांना चिडवायची, पण घरी आल्यावर ते थांबायचं.

अकरावीत आणखी एक वळण येतं. मराठी माध्यमातून आलेली मुलं दादर-माटुंग्याच्या किंवा फोर्टच्या कॉलेजात जातात. तिथे त्यांना ‘व्हर्नॅक’ (व्हर्नॅक्युलर, म्हणजे देशी भाषेतून शिकलेले) म्हणून हिणवणारे भेटतात. वर्गात गप्प बसून निभावता येतं. पण सगळी दोस्ती इन्स्टाच्या स्टोरीवर चालते, आणि स्टोरीत इंग्रजीतली एक स्पेलिंगची चूक निघाली की तिचा स्क्रीनशॉट होतो. शनिवारी रात्री वांद्र्याच्या कार्टर रोडवरचे आठ जणांचे फोटो दिसतात, तेव्हा त्या ग्रुपमध्ये आपण होतो आणि आपल्याला विचारलं नाही हे पक्कं कळतं.

हे सगळं खरं, तरी दुसरी बाजूही त्याच पडद्यावर आहे. त्याच पोराला मराठीत रॅप करणारे, मराठीत भौतिकशास्त्र समजावणारे, गडकिल्ल्यांचे नकाशे काढणारे लोक तिथेच भेटतात. चाळीत किंवा वर्गात आपल्यासारखं कुणी नाही असं ज्याला वाटतं, त्याला आपल्यासारखे शंभर जण सापडतात. ही गोष्ट छोटी समजू नये.

चारशे फुटांत रडायचं कुठे?

परदेशातल्या सल्ल्यांत एक वाक्य हमखास असतं: मुलाच्या बेडरूममध्ये मोबाइल ठेवू नका. मुंबईत पहिला प्रश्न, कसली बेडरूम? वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तिथल्या नव्या इमारतींतल्या पाचशे फुटांच्या घरांच्या पहिल्या चाव्या मिळायला २०२५चा ऑगस्ट उजाडला. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या जुन्या इमारतींत २२५ चौरस फूट, मग २६९, आता ३००. यात आई, बाबा, आजी, दोन मुलं, एक शिलाई मशीन आणि गौरी-गणपतीला आलेले पाहुणे. चारशे फुटांचं घर ज्यांना मिळालं ते नशीबवान.

अशा घरात पंधरा वर्षांच्या मुलीने मैत्रिणीशी भांडण झालं म्हणून रडायचं कुठे? बाथरूममध्ये गेलं की दोन मिनिटांत दार वाजतं. गच्चीला सोसायटीने कुलूप घातलंय. भाऊ नाक्यावर जाऊन उभा राहू शकतो, तिला सातच्या आत घरी यायचं असतं. कानात इअरफोन घालून भिंतीकडे तोंड केलं की तेवढीच तिची खोली. या खोलीला कुलूप आहे, त्याचा पासवर्ड तिच्याकडे आहे, आणि त्या खोलीत मैत्रिणी आहेत.

म्हणून मोबाइल हिसकावून घेतल्यावर काही मुलं जो थयथयाट करतात, त्याला लगेच व्यसन म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, सोशल मीडियाच्या व्यसनाचा स्वतंत्र विकार अजून नाही. काही मुलांचा वापर हाताबाहेर जातो हे खरंच, त्यासाठी निमहान्समध्ये २०१४पासून वेगळं क्लिनिकही आहे. पण बहुतेक वेळा आपण वस्तू काढून घेतली असं आपल्याला वाटतं, आणि तिला आपली जागा गेली असं वाटतं. मोबाइलचे तास कमी करायचे असतील तर तिला दुसरीकडे थोडी जागा द्यावी लागेल. सोसायटीच्या चाव्या सेक्रेटरीकडे असतात, संध्याकाळी दोन तास गच्ची उघडा असं सर्वसाधारण सभेत म्हणायला काय हरकत आहे? विभागात अभ्यासिका असेल तर तिथे मुलींसाठी रात्री नऊपर्यंत बाक मिळेल का, हे नगरसेवकाला विचारता येतं. मोबाइलवरच्या व्याख्यानांपेक्षा याने जास्त फरक पडेल असं माझं मत आहे.

झोप

आता मूळ प्रश्नाकडे. या सगळ्या विषयात ज्यावर संशोधकांचं सगळ्यात कमी भांडण आहे, ती गोष्ट म्हणजे झोप.

१३ ते १८ वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. आणि याच वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन लहान मुलांपेक्षा उशिरा पाझरायला लागतं, त्यामुळे नवव्या वर्षी साडेनऊला पेंगणारं मूल पंधराव्या वर्षी अकरा वाजले तरी टक्क जागं असतं. हा आळस नाही, ही वाढ आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत. आपल्या सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळांच्या वेळा बदलायचा आदेश काढला, पण तो चौथीपर्यंतच्या मुलांसाठी: नऊच्या आधी शाळा नको. लहानग्यांची सोय झाली, चांगलंच झालं. पण ज्यांचं घड्याळ खरोखर पुढे सरकलंय, ती आठवी-नववी-दहावीची पोरं अजून सातच्या सकाळच्या अधिवेशनाला पावणेसहाला उठतात.

त्यात मुंबईची रात्र. बाबा विरार फास्ट पकडून दहाला घरी येणार, जेवणं साडेदहाला, टीव्ही अकरापर्यंत, मग गाद्या पडणार. घरात पहिल्यांदा शांतता होते ती साडेअकराला. पोरीच्या दिवसातला तिचा स्वतःचा वेळ तिथे सुरू होतो. मग साडेबारा होतात, एक होतो. पावणेसहाला उठायचं म्हणजे झोप जेमतेम पावणेपाच तास. एका रात्रीने काही बिघडत नाही. आठवडाभर असं झालं की मेंदूतला भीती-राग सांभाळणारा भाग तिखट होतो आणि आवर घालणारा ढिला पडतो. आदल्या दिवशी हसण्यावारी नेलेली कमेंट दुसऱ्या दिवशी काळजात घुसते. मग त्या दुखण्यावर उतारा म्हणून रात्री पुन्हा मोबाइल.

आणखी एक. दुपारी कुणी काही लागट लिहिलं तर शेजारी मैत्रीण असते, आजी असते, निदान डोअरबेल वाजते. रात्री एक वाजता ते वाचणारं मूल घरातल्या पाच माणसांत एकटं असतं.

म्हणून मी म्हणेन, तासांचा हिशेब नंतर करा, आधी रात्र सोडवा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘स्क्रीन टाइम’ किंवा ‘डिजिटल वेलबीइंग’ असतं. त्यातला दिवसाचा एकूण आकडा बाजूला ठेवून, रात्री अकरानंतर काय चाललंय तेवढं मुलाबरोबर बसून बघा, त्याच्या पाठीमागे नको.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक युक्ती केली. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात. ती युक्ती चालते कारण मोठ्यांनाही तीच लागू आहे. मुंबईत सातला आई ठाण्याच्या लोकलमध्ये उभी असते, भोंगा कुणासाठी वाजवणार? पण अकराचा नियम घरापुरता होऊ शकतो: घरातले सगळे फोन, बाबांचासुद्धा, फ्रिजवर चार्जिंगला. “मला अलार्म लागतो” ही तक्रार येणारच, तिला दोनशे-तीनशे रुपयांचं गजराचं घड्याळ हे उत्तर आहे. पहिला आठवडा कटकटीचा जातो. बाबा क्रिकेटच्या निमित्ताने नियम मोडतात आणि मग पोरं त्यांना सोडत नाहीत.

तास कमी करून फायदा होतो का? पेन्सिल्वेनिया विद्यापीठात २०१८ साली १४३ कॉलेजविद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. काहींनी तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी रोज १० मिनिटं, एवढंच वापरलं. त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली, आणि सुरुवातीला जे जास्त उदास होते त्यांना फायदा जास्त झाला. पूर्ण बंद करायची गरज पडली नाही.

बोलायचं कसं

“दाखव तुझा मोबाइल!” याने काही निघत नाही. एक दुसरं गुपचूप अकाउंट तेवढं निघतं. त्यापेक्षा स्वयंपाक करता करता, “तुझ्या रीलवर सध्या काय येतं गं? माझ्याकडे तर नुसती इडलीच येते.” ती म्हणेल, “ई, आई, तुला नाही कळणार.” दोन दिवसांनी स्वतःच एक दाखवेल. तेव्हा प्रवचन नको. “ही बाई खरंच एवढंसंच खात असेल का?” एवढं पुरतं. नको त्या रीलवर ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबता येतं, आणि इन्स्टाग्रामवर सुचवलेलं सगळं पुसून नव्याने सुरुवात करायचीही सोय आहे. ती तिच्या हाताने करू दे.

कायद्याचं थोडक्यात. इन्स्टाग्रामसारख्या ॲपवर अकाउंट उघडायला लागणारं १३ वर्षं हे वय मानसशास्त्रातून आलेलं नाही, ते १९९८च्या एका अमेरिकन कायद्यातून आलंय, आणि तो कायदा मुलांची माहिती गोळा करण्याबद्दल आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५पासून १६ वर्षांखालच्यांना सोशल मीडियावर अकाउंट ठेवायला मनाई केली. आपल्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला बंदी आहे, त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होतेय. इन्स्टाग्रामची ‘टीन अकाउंट’ २०२५पासून आपल्याकडेही आहेत: अकाउंट आपोआप प्रायव्हेट, रात्री दहा ते सात सूचना बंद. फक्त जन्मसाल खरं टाकलं तर. आणि बऱ्याच घरांत फोन आईचा, सिम आईचं, अकाउंटही आईच्याच जन्मतारखेचं, तिथे वय कोण कुणाचं तपासणार?

कुणी फोटोवरून धमकावत असेल, फोटो खरा असो वा ॲपवर बनवलेला, तर चॅट डिलीट करू नका, पैसे देऊ नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला किंवा पोलीस ठाण्यात कळवा. अठराखालच्या मुलाच्या बाबतीत हा पॉक्सोखालचा, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखालचा, गुन्हा ठरू शकतो. मुलाला त्या दिवशी पहिलं वाक्य “तू पाठवलासच का?” हे ऐकवू नका. ती भीतीच धमकावणाऱ्याचं भांडवल असते.

दोन आठवडे झोप-भूक बदललीय, आवडता खेळ सोडलाय, मित्र टाळतोय, चिडचिड थांबत नाही, हातावर ओरखडे दिसतायत, असं असेल तर रीलचा विषय बाजूला ठेवून मदत घ्या. “जीव द्यावासा वाटतो का?” असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास आणि मराठीतही आहे. मुलं स्वतः १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करू शकतात. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही समुपदेशन सेवा आहे. केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी चालते. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि रांगेची तयारी ठेवा. जाताना मुलाच्या आठवडाभराच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा एका कागदावर लिहून न्या, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.